पाऊस येणार आहे म्हणे

ऑगस्ट लागला की सुरतेत माणसं एकमेकांची विचारपूस आकड्यांत करतात. एरवी ‘केम छो’ म्हणून पान पुढे करणारा कोपऱ्यावरचा पानवाला त्या दिवसांत चुना लावता लावता विचारतो, ‘‘उकाईनी सपाटी केटली थई?’’ आणि आपणही घरातल्या आजारी माणसाचा ताप सांगावा तसं गंभीरपणे सांगतो, ‘‘तीनशे छत्तीस.’’ उकाई धरणाची पूर्ण पातळी ३४५ फूट, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. सिंगणपोरच्या कॉझवेवर तापी ६ मीटरला आली की रस्ता बंद, हेही पाठ असतं. पाऊस पडतो तिकडे बऱ्हाणपुराला, भुसावळला, आपल्या खानदेशात. आकडे मोजतो आम्ही सुरतकर. नदी आमच्या माहेरची आणि सासरी येऊन रागावते, असं आमची आई म्हणायची.

आम्ही मूळचे अमळनेरकडचे. आप्पा नोकरीसाठी सुरतेला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दारात गुजराती आणि हिशेब दोन्हींत. पण आज मला पुराविषयी लिहायचं नाही. लिहायचं आहे ते मोटारींच्या शर्यतीविषयी. वाचकांना वाटेल, ह्या माणसाला उतारवयात हे काय सुचलं! मलाही तसंच वाटलं होतं. पण पाऊस येणार असं कळल्यावर माणसानं नेमकं काय करावं, हा जो प्रश्न मला काही वर्षं छळत होता, त्याचं थोडंफार उत्तर मला त्या शर्यतीत सापडलं. म्हणून हा प्रपंच.

२५ मार्च २०१२. रविवार. पाडवा होऊन दोनच दिवस झालेले. दुपारी जेवणात उरलेलं श्रीखंड होतं आणि त्यानंतर येणारी ती सुप्रसिद्ध झोप. मी पलंगाकडे निघालो, तेवढ्यात चिरंजीवांनी दूरचित्रवाणी संच लावला. तेव्हा तो नववीत होता. मलेशियात सेपांग म्हणून गाव आहे, तिथली फॉर्म्युला वनची शर्यत आपल्या दुपारी दीड वाजता सुरू होणार होती.

‘‘बाबा, आपला नारायण कार्तिकेयन आहे. बघा तरी.’’

‘‘कितवा आहे?’’

‘‘ग्रिडच्या अगदी तळाशी.’’

‘‘मग त्यात बघायचं काय?’’

‘‘पाऊस येणार आहे म्हणे,’’ तो म्हणाला.

पाऊस म्हटल्यावर सुरतेचा माणूस थांबतो. मी खुर्ची ओढली.

त्या दुपारी आणि पुढच्या कितीतरी रविवारी त्यानं मला हे शास्त्र शिकवलं. मुलानं बापाला काही शिकवावं, ह्यात बापाला जे गुपचूप सुख असतं तेही मी भरपूर घेतलं. तर ते शास्त्र थोडक्यात असं.

कोरड्या रस्त्यावर ह्या मोटारी जो टायर वापरतात त्याला नक्षी नसते. तो अगदी गुळगुळीत असतो. आपल्या स्कूटरचा टायर असा झाला की आपण तो बदलायला धावतो. इथे मात्र मुद्दाम गुळगुळीत, कारण जितकं जास्त रबर रस्त्याला चिकटेल तितकी पकड जास्त. पण रस्ता ओला झाला की हाच टायर वैरी होतो. पाण्याला निघून जायला वाट मिळत नाही, टायर आणि रस्ता ह्यांच्यामध्ये पाण्याचा थर येतो आणि गाडी रस्त्यावर न चालता पाण्यावर तरंगू लागते. तरंगणाऱ्या गाडीला ना ब्रेक लागतो ना ती वळते. म्हणून पावसासाठी दोन वेगळे टायर असतात. बेताच्या ओलीसाठी हिरव्या पट्टीचा, त्याला इंटरमीजिएट म्हणतात. धो-धो पावसासाठी खोल चरांचा, निळ्या पट्टीचा. आजच्या निळ्या टायरविषयी त्याचे उत्पादक सांगतात की ३०० किलोमीटरच्या वेगात एकेक टायर सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला फेकतो. आमच्या गच्चीवरच्या टाकीचा विचार केला तर एक टायर ती बारा सेकंदांत रिकामी करील.

मी म्हटलं, ‘‘मग सोपं आहे. पाऊस येणार असं कळलं की निळा लावायचा.’’

चिरंजीव हसले. कारण निळा टायर कोरड्या रस्त्यावर पाच मिनिटंसुद्धा नीट टिकत नाही. त्याचं रबर मऊ, चरांमधले ठोकळे हलणारे. पाणी त्याला थंड ठेवतं. पाणी नसलं की तो तापतो, त्याचे तुकडे उडायला लागतात. रस्ता वाळत आला की चालक सरळ रस्त्यावर मुद्दाम कडेच्या ओल्या भागात गाडी घालतात, टायर थंड व्हावेत म्हणून. डबकं चुकवणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली होती. डबकं शोधणारी तिथे पहिल्यांदा पाहिली.

शिवाय टायर बदलायचे तर गाडी पिटमध्ये आणावी लागते. चाकं दोन-तीन सेकंदांत बदलतात. पण आत येणं, हळू चालवणं, बाहेर पडणं ह्यात एकंदर वीस-पंचवीस सेकंद जातात. आता हिशेब करा. समजा एका खेपेला बावीस सेकंद गेले, आणि ओल्या रस्त्यावर हिरवा टायर गुळगुळीत टायरपेक्षा फेरीला चार सेकंदांनी जलद आहे. म्हणजे गेलेला वेळ भरून निघायला साडेपाच फेऱ्या लागणार. पण सर चार फेऱ्यांतच ओसरली तर? मग टायर परत बदलायला आणखी बावीस सेकंद. आणि न बदलता तसंच राहिलो नि पाऊस वाढला तर? मग फेरीला चार नव्हे, चौदा सेकंद जातात, किंवा गाडीच भिंतीवर जाते. म्हणजे खरा प्रश्न ‘पाऊस येईल का’ एवढाच नसतो. किती येईल, किती वेळ टिकेल, रस्त्याच्या कोणत्या भागावर पडेल, हे सगळं त्यात आलं. साडेपाच किलोमीटरचा रस्ता; एका वळणावर ऊन आणि दुसऱ्यावर धार, असंही होतं. हवामानाचा अंदाज सांगणारा म्हणतो, दहा मिनिटांत पावसाची शक्यता साठ टक्के. ठीक आहे. पण गाडीला साठ टक्के निळा टायर लावता येत नाही.

इथवर मला समजलं. पण चिरंजीवांनी पुढे जे सांगितलं ते मी आजतागायत विसरलो नाही.

‘‘बाबा, टायरचं त्यातल्या त्यात सोपं असतं. अवघड असतो तो सेटअप.’’

सेटअप म्हणजे गाडीची जुळवणी. गाडी जमिनीपासून किती उंच ठेवायची, स्प्रिंग किती कडक ठेवायच्या, मागचा पंख किती उभा ठेवायचा, हे सगळं. कोरड्या रस्त्यासाठी गाडी शक्य तितकी जमिनीलगत ठेवतात, स्प्रिंग कडक ठेवतात आणि पंख बेताचा, म्हणजे सरळ रस्त्यावर वारा अडत नाही. पावसासाठी नेमकं उलट. गाडी थोडी उचलायची, नाहीतर तिचं पोटच पाण्यावर टेकून ती होडी होते. स्प्रिंग आणि अँटी-रोल बार मऊ करायचे, म्हणजे गाडी झटका न देता हळुवार वळेल आणि चाकं घसरण्याआधी चालकाला इशारा मिळेल. पंख उभा करायचा, म्हणजे वारा गाडीला खाली दाबून धरील. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना वजन पुढच्या चाकांवर कमी येतं, म्हणून ब्रेकचा भार थोडा मागच्या चाकांकडे सरकवायचा.

आणि आता मेख. ही जुळवणी पात्रता फेरीच्या वेळी कुलूपबंद होते. २००३ पासून असा नियम आला की पात्रता फेरीनंतर शर्यतीपर्यंत गाडीला फारसा हात लावायचा नाही. शनिवारी दुपारी आभाळ निरभ्र असताना जी उंची, ज्या स्प्रिंग, जो मागचा पंख तुम्ही ठरवलात, तोच रविवारी. टायर बदलता येतात, पुढच्या पंखाचा कोन थोडा फिरवता येतो, ब्रेकचा भार चालकाला बसल्या जागेवरून बटणानं सरकवता येतो. बाकी जे आहे ते आहे. शनिवारी पावसाळी जुळवणी केली आणि रविवारी ऊन पडलं, तर उभा पंख घेऊन तुम्ही सरळ रस्त्यावर रखडणार आणि सगळे तुम्हांला ओलांडून जाणार. कोरडी जुळवणी केली आणि पाऊस आला, तर पोट पाण्यावर टेकणार. म्हणून बहुतेक संघ काहीतरी मधलं करतात आणि मनातल्या मनात हात जोडतात.

म्हणजे निर्णय दोन जातींचे. काही निर्णय पाऊस आल्यावर घेता येतात. त्यांच्यासाठी थांबण्यात शहाणपण असतं. काही निर्णय पाऊस आल्यावर घेताच येत नाहीत. ते आभाळ कोरडं असतानाच घ्यावे लागतात, चुकले तर चुकले म्हणून. सगळी हुशारी कोणता निर्णय कोणत्या जातीचा, हे ओळखण्यात आहे.

शर्यत सुरू झाली तेव्हा सेपांगला रिमझिम होती. जवळजवळ सगळ्यांनी हिरवे टायर लावले. आपल्या कार्तिकेयनच्या संघानं त्याला निळे लावून पाठवलं. त्याची गाडी इतकी मंद की त्याआधीच्याच आठवड्यात ऑस्ट्रेलियाला ह्या संघाच्या दोन्ही गाड्यांना शर्यतीत भाग घेण्यापुरतीही वेळ नोंदवता आली नव्हती. आणि मग पाऊस आला. असा आला की पडद्यावर गाड्यांऐवजी नुसते फवारे दिसू लागले. पुढचे एकेक करून टायर बदलायला पिटमध्ये पळू लागले. हा मात्र आधीच निळ्यांवर असल्यामुळे नुसता चालत राहिला. नवव्या फेरीत लाल निशाण दाखवून शर्यत थांबवली, तेव्हा कोइमतूरचा हा गडी दहाव्या क्रमांकावर होता. चिरंजीव खुर्चीवर उभे राहून ओरडले. आतून सौभाग्यवती धावत आल्या. त्यांना वाटलं, काही पडलं.

अर्थात पुढे व्हायचं तेच झालं. सुमारे पन्नास मिनिटांनी शर्यत परत सुरू झाल्यावर मंद गाडी मागे पडत गेली. जेन्सन बटनची त्याच्याशी टक्कर झाली. पुढे सेबॅस्टियन वेटेलशी झाली. वेटेल चौथा होता, त्याचा टायर फाटला आणि तो अकरावा आला. त्यानं आपल्या माणसाला जाहीरपणे मूर्ख म्हटलं. कार्तिकेयनला वीस सेकंदांचा दंड झाला आणि तो बाविसावा आला. मेक्सिकोचा सर्जिओ पेरेझ पहिल्याच फेरीनंतर निळे टायर लावायला आत आला होता. तो शेवटी दुसरा आला. फर्नांडो अलोन्सो जिंकला.

लाल निशाणाच्या त्या पन्नास मिनिटांत चिरंजीवांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. हेच सेपांग, साल २००९. ढग काळे झालेले, पाऊस येणार हे सगळ्यांना दिसत होतं. फेरारीनं किमी रायकोनेनला आत बोलावून निळे टायर लावून बाहेर पाठवलं. रस्ता अजून कोरडा. पाऊस आला, पण उशिरा. तोवर त्याच्या टायरांची चाळण झाली होती. पुढे पाऊस इतका वाढला की शर्यत थांबवावी लागली, सगळ्यांना अर्धेच गुण मिळाले आणि रायकोनेनसाहेब कपडे बदलून आइसक्रीम खाताना जगाला दिसले. तोच रस्ता, तोच निळा टायर. एकानं पाच मिनिटं आधी लावला आणि मागे गेला, दुसऱ्यानं लावला आणि वर आला.

‘‘मग शहाणा कोण?’’ मी विचारलं.

‘‘बाबा, शहाणपणाचा प्रश्न नाही. कार्तिकेयनला सांभाळायला जागाच नव्हती. शेवटचा माणूस चुकला तर शेवटचाच राहतो. रायकोनेनला जागा होती.’’

चौदा वर्षांच्या मुलाच्या तोंडून हे वाक्य ऐकलं आणि मला आमची ट्रंक आठवली.

आता पुराचं सांगायलाच हवं.

७ ऑगस्ट २००६, सोमवार. दोन दिवसांवर राखीपौर्णिमा. अडाजणला आमचं तळमजल्याचं घर. त्या दिवशी आमच्या अंगणात पाऊस म्हणावा असा नव्हता. पाऊस वर पडत होता, तापीच्या वाटेवर, आणि धरण ऑगस्टच्या सुरुवातीलाच बरंच भरलेलं. पौर्णिमा जवळ आलेली, म्हणजे खाडीला उधाणाची भरती. नदीचं पाणी समुद्र लवकर आत घेणार नाही, हेही कोणी कोणी बोलत होतं. पाणी सोडणार, अजून सोडणार, अशा बातम्या सकाळपासून येत होत्या. आकडे दर तासाला वाढत होते.

आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी नदीकाठच्या वस्तीत राहत. त्या सकाळी आल्याच नाहीत. दुपारी त्यांचा मुलगा निरोप घेऊन आला. भांडीकुंडी, शेगडी, पोरंबाळं घेऊन त्या उधन्याला बहिणीकडे गेल्या होत्या. मी म्हटलं, एवढी घाई? वरच्या मजल्यावरचे काका जिन्यातून वाकून म्हणाले, ‘‘भाई, बधुं उपर चडावी दो. पाणी कोईनी राह नथी जोतुं.’’ मी हसून मान डोलावली. माझ्याकडे माझा पुरावा होता. १९९८ च्या सप्टेंबरातला पूर मी पाहिला होता; तेव्हा पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन परत फिरलं होतं.

आप्पा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांच्या खोलीत एक लोखंडी ट्रंक होती. सुरतेला आल्यापासून दर दिवाळीला ते नंदुरबारला किंवा जळगावला जाऊन दिवाळी अंक आणत. परत येताना नवापूरला गाडी थांबली की मला उठवून स्टेशन दाखवत. अर्धं स्टेशन महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. ‘‘हे बघ, आपलं घर असं आहे,’’ म्हणत. ते सगळे अंक त्या ट्रंकेत होते. नुसते अंक नव्हेत. वाचताना ते समासात पेन्सिलीनं लिहीत. कुठे ‘छान’, कुठे ‘असं नसतं’, कुठे आमच्या घरातली त्या दिवसाची एखादी नोंद, कोणाला ताप आला, कोणाचा निकाल लागला, कोण गावाहून आलं. आमच्या घराण्यात रोजनिशी कोणी लिहिली नाही. ती त्या समासांत होती.

दुपारी चारच्या सुमाराला आप्पा म्हणाले, ‘‘ट्रंक वर नेऊन ठेवू या का?’’

मी म्हटलं, ‘‘आप्पा, चार माणसं लागतात तिला. पाणी दिसलं की नेऊ.’’

ते बरं म्हणाले.

फ्रिज मी दोन टेबलांवर चढवला. टीव्ही माळ्यावर टाकला. गाद्या उचलल्या. ह्यांतलं काहीही पाणी दिसल्यावर तासाभरात करता आलं असतं, आणि नाही करता आलं तरी बाजारात परत मिळालं असतं. रात्री वीज गेली. त्यानंतर पाणी आलं ते दारातून नव्हे, मोरीतून आलं. गुडघाभर झालं तेव्हा आप्पांना उचलून वरच्या काकांकडे नेलं, बायकोला आणि मुलाला नेलं. परत खाली आलो तर पाणी कमरेला. ट्रंकेच्या कड्यांना हात घातला. ती भिजून अशी जड झाली होती की हलली नाही. चार माणसं त्या काळोखात कुठून आणणार?

धरणातून येणारा लोंढा त्या दोन दिवसांत ९ लाख क्युसेकच्या आसपास पोचला आणि शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. आम्ही चार दिवस वरच्या काकांच्या घरात अकरा माणसं राहिलो. राखीपौर्णिमेला त्यांच्या मुलीनं चिरंजीवांना आपल्या ओढणीची चिंधी बांधली. पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली. आत काळा लगदा होता. आप्पांनी बोट बुडवून पाहिलं, पंचाला पुसलं आणि म्हणाले, ‘‘फ्रिज वाचला ना?’’ त्या वाक्यात टोमणा नव्हता, हेच मला जास्त लागलं. २००९ साली ते गेले. त्या ट्रंकेविषयी ते पुन्हा कधीच बोलले नाहीत.

धरण आधी रिकामं करायला हवं होतं का, ह्यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. मी त्यात पडत नाही. रिकामं धरण आणि कोरडा गेलेला पावसाळा हीसुद्धा कोणाच्या तरी डोक्यावरची तलवार असते. मला माझ्याच घरातला निर्णय सहा वर्षं कळत नव्हता. मी आळशी नाही, बेफिकीर तर नाहीच. मग मी थांबलो का? सेपांगच्या त्या शर्यतीनंतर ते मला कळलं. मी ट्रंकेला टायर समजलो होतो. ती सेटअप होती. फ्रिज पाणी आल्यावरही उचलता आला असता. ट्रंकेचा निर्णय दुपारी चारलाच कुलूपबंद झाला होता आणि मला ते ओळखता आलं नाही.

आणि दुसरं, चिरंजीव म्हणाले ते. मावशींना सांभाळण्यासारखी जागा नव्हती. त्यांना गमावायला काही नव्हतं असं मात्र मी म्हणणार नाही. त्यांचं सगळंच जाणार होतं, म्हणून तर त्या सकाळीच निघाल्या. सांभाळायचं होतं ते माझ्याकडे: कधीही न भिजलेलं घर, १९९८ चा अनुभव आणि ‘उगीच घाबरला’ असं कोणी म्हणू नये ही इभ्रत. पुढे असलेल्या माणसाला थांबण्याचा मोह होतो, कारण आहे ते चाललेलं असतं.

ह्याचा दाखला मी पुढे २०२१ च्या सप्टेंबरात पाहिला. रशियातलं सोची. लँडो नॉरिस नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा आयुष्यातली पहिली शर्यत जिंकायला निघालेला, फक्त काही फेऱ्या उरलेल्या आणि पाऊस आला. रस्त्याच्या एका भागात जास्त, दुसऱ्यात कमी. संघानं विचारलं, हिरवे टायर लावायचे का? तो म्हणाला, नाही. मागच्या लुईस हॅमिल्टनलाही संघानं आत बोलावलं; तोही पहिल्यांदा आला नाही. दुसऱ्यांदा मात्र त्याच्या संघानं आग्रह धरला आणि तो आला. पाऊस वाढला, नॉरिस गुळगुळीत टायरांवर घसरत घसरत सातवा आला, हॅमिल्टन जिंकला. त्याचा तो शंभरावा विजय. चिरंजीव तोवर नोकरीनिमित्त पुण्याला गेले होते. त्यांचा फोन आला. ‘‘पाहिलंत, बाबा? बिचारा!’’ मी म्हटलं, ‘‘त्याला बिचारा म्हणू नकोस. त्या खुर्चीत मी बसलोय.’’ पलीकडे क्षणभर कोणी बोललं नाही.

एक मात्र मनात राहिलं. हॅमिल्टनला कोरड्या जागी बसून हट्टानं सांगणारं कोणीतरी होतं, आणि दुसऱ्यांदा त्यानं ऐकलं. मलाही तसे दोघे होते. एक जिन्यातून वाकून सांगत होते, दुसरे खोलीतून. एक गुजरातीत, एक मराठीत. मी दोन्ही भाषा उत्तम समजतो असा माझा लौकिक आहे.

ती ट्रंक मी टाकली नाही. घासूनपुसून, गंज काढून तिला हिरवा रंग दिला. दर वर्षी जूनच्या पहिल्या रविवारी, आभाळात ढगाचं टिपूस नसतानाही, वरच्या काकांचा मुलगा आणि मी ती जिन्यानं वर नेतो आणि त्यांच्या माळ्यावर ठेवतो. दसऱ्याला खाली आणतो. बहुतेक वर्षी पाणी येत नाही, आणि काकांचा मुलगा दमून म्हणतो, ‘‘काका, आ वरसे पण खाली महेनत.’’ मी म्हणतो, हो बाबा, फुकटचीच मेहनत. उभा पंख लावून कोरड्या रस्त्यावर धावलो, एवढंच.

ट्रंक आता पूर्वीइतकी जड नाही. २००६ नंतरचे अंक तिच्यात आहेत. वाचताना समासात लिहायची सवय मी लावून घेतली आहे; पेन्सिल आप्पांचीच वापरायचो, ती संपली. हा अंक हाती आला की त्याच्या समासात काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही. पण त्या तारखेला उकाईची पातळी किती होती, ते मात्र कोपऱ्यात लिहीन.